टोपणनावाआडून होणारा छळ आणि सायबर तक्रार पोर्टल: कुठे उपयोगी पडतं, कुठे अडतं

केंद्रीय गृह मंत्रालयाचं ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ हे तक्रार पोर्टल बहुतेकांना माहीत असतं ते बँक खात्यातून पैसे गेल्यावर. इथे ते दुसऱ्या कामासाठी तपासलं आहे: नाव लपवून होणारा छळ. खेळाच्या व्हॉइस चॅटमध्ये दिलेली ‘घरी येऊन मारतो’ अशी धमकी, मुलीच्या नावाने काढलेलं खोटं प्रोफाइल, फोटोत फेरफार करून पसरवलेली बदनामी, ब्लॉक केलं की दुसऱ्या दिवशी नव्या खात्यावरून येणारे मेसेज. अशा वेळी हे पोर्टल किती कामाचं?

थोडक्यात सांगायचं तर फोटो आणि व्हिडिओच्या प्रकरणात चांगलं, खोट्या प्रोफाइलसाठी ठीक, आणि खेळातल्या तोंडी धमकीसाठी कच्चं. हा कच्चेपणा अर्जात थोडा आणि बाहेर जास्त आहे. तक्रारदार काय घेऊन जातो आणि पोलीस ते कोणत्या कलमात बसवतात, यावर निम्म्याहून अधिक निकाल ठरतो. म्हणून हे परीक्षण पोर्टलच्या पडद्यापुरतं ठेवून भागत नाही.

अर्ज कसा आहे

पोर्टल सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचा विषय एवढाच होता: मुलांच्या लैंगिक शोषणाचं आणि बलात्काराचं चित्रण. ऑगस्ट २०१९ पासून सगळ्या प्रकारचे सायबर गुन्हे त्यावर घेतले जाऊ लागले. त्या सुरुवातीची खूण अजून दिसते. महिला आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांना स्वतंत्र दार आहे आणि त्या दारात दोन वाटा आहेत. एका वाटेने नाव न सांगता तक्रार करता येते. दुसऱ्या वाटेने मोबाइलवर ओटीपी घेऊन, नावानिशी तक्रार करून पुढचा मागोवा घेता येतो.

निनावी वाट दिसायला सोयीची आहे, पण छळ तुमचाच होत असेल तर ती घेऊ नका. तिथे तक्रारीचा मागोवा मिळत नाही आणि पोलिसांना काही विचारायचं झालं तर विचारणार कोणाला? कुठल्याशा ग्रुपवर एखाद्या मुलाचं आक्षेपार्ह चित्रण दिसलं आणि ते फक्त पोलिसांच्या कानावर घालायचं आहे, अशा वेळी ही वाट योग्य. ते चित्रण स्वतःच्या फोनमध्ये उतरवून ठेवू नका, कोणाला पुढे तर अजिबात पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब मध्ये असं चित्रण डाउनलोड करणं, नुसतं शोधणंसुद्धा गुन्हा आहे. लिंक, खात्याचं नाव आणि वेळ एवढं कळवणं पुरेसं.

बाकीच्यांसाठी ‘इतर सायबर गुन्हे’ हे दार. त्यात समाजमाध्यमांशी संबंधित गुन्ह्यांचा गट निवडला की खाली उपप्रकार येतात: सायबर बुलिंग, पाठलाग आणि सेक्स्टिंग यांचा एक, खोट्या प्रोफाइलचा एक, खातं हॅक झाल्याचा एक, धमकीच्या ईमेलचा एक. ऑनलाइन खेळातल्या छळाला स्वतःचा उपप्रकार नाही. तो बुलिंग आणि पाठलागाच्या उपप्रकारात घालायचा, घटना कुठे घडली या प्रश्नाला ‘इतर’ निवडायचं आणि खेळाचं नाव तपशिलात अगदी पहिल्या वाक्यात लिहायचं. ते आत कुठेतरी दडलं तर अर्ज हातात घेणाऱ्या अंमलदाराला ही भानगड कुठल्या ॲपवरची आहे हेच कळत नाही.

आता सर्वात जास्त अडवणारी जागा. घटनेचं वर्णन किमान २०० अक्षरांचं लागतं आणि त्यात विशेष चिन्हं चालत नाहीत. ॲट, हॅश, डॉलर, तारा, उद्गारचिन्ह, अवतरणचिन्ह, यातलं काहीही टाकलं की अर्ज पुढे सरकत नाही. अडचण अशी की छळाच्या तक्रारीत नेमकी हीच चिन्हं येतात. हँडलच्या, म्हणजे खात्याच्या नावाच्या, आधी ॲट असतो, धमकीचे शब्द अवतरणात असतात. म्हणून हँडल ॲटशिवाय लिहा, प्रोफाइलची लिंक संशयिताच्या रकान्यात द्या, आणि धमकीचे मूळ शब्द स्क्रीनशॉटमध्ये राहू द्या. वर्णन साध्या वाक्यांत असावं. साधारण असं:

‘दिनांक १२ जानेवारी रोजी रात्री १० वाजून ४० मिनिटांनी अमुक खेळाच्या टीम व्हॉइस चॅटमध्ये तमुक टोपणनावाच्या खेळाडूने मला जिवे मारण्याची धमकी दिली. त्याचा खेळाडू क्रमांक पुढीलप्रमाणे. त्यानंतर १३ आणि १५ जानेवारीला दोन वेगळ्या खात्यांवरून माझ्या इन्स्टाग्रामवर माझ्या घराचा पत्ता पाठवला. माझ्या स्पष्ट नकारानंतरही संपर्क चालू आहे. सोबत तीन स्क्रीनशॉट आणि एक ध्वनिमुद्रण जोडले आहे.’

तारीख, वेळ, जागा, क्रमांक, नकार, पुरावा. रागाने लिहिलेली दोन पानं वाचून पोलिसाला जे मिळत नाही, ते या सहा ओळींत मिळतं. ‘स्पष्ट नकारानंतरही’ हे शब्द तर मुद्दाम घाला. त्याचं कारण कलमांच्या भागात येईलच.

अर्जाआधी ओळखपत्राचा फोटो तयार ठेवा, ५ एमबीच्या आतला. पुराव्याची प्रत्येक फाइल १० एमबीच्या आत बसवावी लागते. स्क्रीन रेकॉर्डिंग सहज त्यापेक्षा मोठं होतं. तेव्हा मूळ फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवून तिच्या प्रतीतला धमकीचा तुकडा कापून जोडा आणि ‘पूर्ण मूळ फाइल माझ्याकडे आहे’ असं वर्णनात लिहा.

आवाज पकडायचा कसा

मजकुरातला छळ पडद्यावर राहतो. बोललेला छळ हवेत विरतो, आणि खेळांतला बराचसा छळ बोललेलाच असतो. तक्रारी कोसळतात त्या इथे.

अँड्रॉइड फोनचा स्क्रीन रेकॉर्डर लावला की आवाजही येईल असं वाटतं. ‘डिव्हाइस ऑडिओ’ निवडून रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत गोळ्यांचे आवाज आणि संगीत येतं, पण समोरच्याचं बोलणं अनेकदा येत नाही. अँड्रॉइड दुसऱ्या ॲपचा आवाज टिपू देतं तो माध्यम किंवा खेळ या प्रकारातला. संभाषणाचा आवाज वेगळ्या प्रकारात मोडतो आणि तो टिपू दिला जात नाही. खेळाने व्हॉइस चॅट या दुसऱ्या प्रकारात चालवलं असेल तर धमकीच्या जागी शांतता रेकॉर्ड होते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे इअरफोन काढायचा, स्पीकर चालू करायचा आणि दुसऱ्या फोनवर व्हिडिओ घ्यायचा, पहिल्या फोनचा पडदा दिसेल असा. बोलणाऱ्याच्या नावापुढे माइकचं चिन्ह उमटतं, तेही त्यात येऊ द्या. आवाज कोणाचा, हे पुढे त्या चिन्हावरूनच दाखवता येतं.

कन्सोलवर सोय बरी आहे. प्लेस्टेशन ५ व्हॉइस चॅटची शेवटची ५ मिनिटं स्वतःजवळ धरून ठेवतं आणि त्यातला ४० सेकंदांपर्यंतचा तुकडा तक्रारीसोबत कंपनीला पाठवता येतो. एक्सबॉक्सवर ही मर्यादा ६० सेकंदांची आहे. मात्र हे तुकडे कंपनीच्या तपासनिसांसाठी असतात, पोलिसांसाठी नव्हे. तेव्हा तिथेही दुसरा फोन हाताशी असलेला बरा.

मग क्रमांक. टोपणनाव दहा वेळा बदलता येतं, खात्याचा क्रमांक बदलत नाही. बीजीएमआय या पबजीच्या भारतीय आवृत्तीत खेळाडूच्या प्रोफाइलवर नावाखाली अंकी आयडी असतो, संगणकावरच्या खेळांच्या स्टीम या दुकानात प्रत्येक खात्यामागे १७ अंकी क्रमांक असतो, डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड चालू केला की कोणाच्याही नावावर दाबून त्याचा आयडी कॉपी करता येतो आणि प्रत्येक मेसेजची स्वतंत्र लिंकही मिळते. सामना संपल्या संपल्या हे करा. निकालाच्या पडद्यावर सगळे खेळाडू दिसतात तोवरच प्रोफाइल उघडणं सोपं असतं. नुसतं नाव दिलेली तक्रार आठवड्याभरात निरुपयोगी होऊ शकते. क्रमांक दिलेली तक्रार सहा महिन्यांनीही त्याच खात्याकडे बोट दाखवते.

क्रमही महत्त्वाचा: आधी टिपा, मग ॲपमध्ये रिपोर्ट करा, शेवटी ब्लॉक करा. उलट केलं तर हातचं जातं. ब्लॉक केल्यावर प्रोफाइल दिसेनासं होतं आणि रिपोर्ट मान्य झाला तर मजकूरच काढला जातो. स्क्रीनशॉट न कापता, वरच्या घड्याळासकट घ्या. शक्य असेल तिथे तेच पान संगणकावर उघडून पत्त्याची ओळ दिसेल असा आणखी एक घ्या. हे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे झाले तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवले की दाबले जातात आणि आतली वेळेची माहिती पुसली जाते.

न्यायालयासाठी आणखी एक कागद लागतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचा नमुना कायद्यातच दिला आहे. भाग अ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. त्यात फोनचं मॉडेल, आयएमईआय हा फोनचा ओळख क्रमांक आणि फाइलची हॅश मागितली आहे. हॅश म्हणजे फाइलचा अंकी ठसा. फाइल एका बिटाने जरी बदलली तरी ठसा बदलतो. म्हणून मूळ फाइलवर क्रॉप, फिल्टर, नाव झाकणं असं काहीही करू नका. जे करायचं ते प्रतीवर. आणि तो फोन विकू नका, रीसेटही करू नका.

खेळातली हिंसा आणि खेळातला माणूस

मुलगा खेळात अडकला की घरात चर्चा सुरू होते ती रक्ताची आणि बंदुकांची. सार्वजनिक वादही त्याच दिशेने गेला. मार्च २०१९ मध्ये राजकोटला पबजी खेळणाऱ्या तरुणांना मनाई आदेश मोडल्याबद्दल अटक झाली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात खेळावर बंदी मागणारी जनहित याचिका आली, तीही एका ११ वर्षांच्या मुलाच्या नावे. प्रत्यक्ष बंदी आली २ सप्टेंबर २०२० ला, आणखी ११७ ॲपसोबत. तिचं कारण होतं देशाची सुरक्षा आणि लोकांची माहिती; हिंसेचा त्यात संबंध नव्हता. पुढे बीजीएमआय आलं तेव्हा रक्त हिरवं झालं आणि १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा आली.

अमेरिकेत हा वाद जुना. १९९३ मध्ये तिथल्या सिनेटमध्ये हिंसक खेळांवर सुनावणी झाली आणि पुढच्या वर्षी उद्योगाने ईएसआरबी हे वयोमान ठरवणारं मंडळ काढलं. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये अल्पवयीनांना हिंसक खेळ विकण्यावर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो कायदा ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये १४-१५ वर्षांच्या हजाराहून थोड्या अधिक ब्रिटिश मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हिंसक खेळ आणि मुलांची आक्रमक वागणूक यांचा संबंध आढळला नाही.

या सगळ्या गदारोळात एक छोटी ओळ वाचायची राहून जाते. ईएसआरबी ऑनलाइन खेळांवर सूचना छापतं की खेळाडूंमधल्या ऑनलाइन संवादाला हे मंडळ वयोमान देत नाही. म्हणजे वेष्टनावरचा वयाचा आकडा खेळ बनवणाऱ्याने काय दाखवलं त्याबद्दल आहे. हेडफोनमधून अनोळखी माणूस काय बोलेल, त्याबद्दल तो काहीच सांगत नाही. रक्त हिरवं केलं तरी तेरा वर्षांच्या मुलीचा आवाज ऐकून तिला घाण बोलणारा माणूस तसाच राहतो. पालकांनी आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. खेळाच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन व्हॉइस चॅट ‘फक्त मित्र’ किंवा बंद करणं, हे आकड्यापेक्षा कितीतरी जास्त कामाचं आहे आणि दोन मिनिटांत होतं.

भारतात २०२५ साली ऑनलाइन खेळांचा स्वतंत्र कायदा झाला. त्याने पैशाच्या खेळांवर बंदी आणली, ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. खेळाडूंमधला छळ हा त्याचा विषय नाही. त्यासाठी नेहमीच्याच फौजदारी कलमांकडे यावं लागतं.

कलम कोणतं लागतं, यावर पुढचं सगळं

निनावी धमकीसाठी आपल्याकडे दीडशेहून जास्त वर्षं जुनं कलम आहे. १८६० च्या दंडसंहितेतलं ५०७ आता भारतीय न्याय संहितेत ३५१(४) झालं. नाव किंवा ठावठिकाणा लपवून धमकी दिली तर धमकीच्या मूळ शिक्षेवर आणखी २ वर्षांपर्यंत कैद. धमकी जिवाचीच असली पाहिजे असं नाही. प्रतिष्ठेला इजा करण्याची धमकीही त्यात येते. त्यामुळे ‘तुझे फोटो सगळीकडे टाकीन’ हे वाक्य त्यात बसतं.

शब्द नेमके असल्यामुळे हे कलम टिकलं. त्याच्या तुलनेत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ पाहा. ‘चीड आणणारा’, ‘गैरसोय करणारा’ संदेश पाठवणं त्याने गुन्हा ठरवलं होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर एकीने लिहिल्यामुळे आणि दुसरीने ते लाइक केल्यामुळे पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, ती याच कलमाखाली. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात ते रद्द केलं. अमेरिकेनेही २००६ च्या जानेवारीत असाच ‘चीड आणणे’ हा शब्द इंटरनेटवरच्या निनावी संदेशांना लावला होता आणि तिथेही त्यावर हीच टीका झाली. चीड कशाने येईल याला मोजमाप नाही. आजही कोणी तुमच्या तक्रारीवर ६६ अ लिहू लागला तर लगेच थांबवा. रद्द झालेल्या कलमावर उभी राहिलेली तक्रार पहिल्याच धक्क्याला कोसळेल.

आता ३५१ ची दुबळी बाजू. कायद्याच्या परिशिष्टात ते अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतात, तिची प्रत हातात देतात आणि विषय तिथेच राहतो. एनसी म्हणजे एफआयआर नव्हे. आणि एफआयआरशिवाय कंपनीकडे खात्याची माहिती मागण्याचं काम क्वचितच पुढे सरकतं.

यातून बाहेर पडायची वाट कायद्यातच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असेल तरी संपूर्ण प्रकरण दखलपात्र समजायचं. तेव्हा तक्रार लिहितानाच आपल्या घटनेत दखलपात्र काय आहे ते शोधा. बाई नको म्हणत असताना तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क किंवा तिच्या ऑनलाइन वावरावर पाळत म्हणजे न्याय संहितेचं ७८, पाठलाग. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत. वर्णनात नकाराचा उल्लेख हवा तो यासाठी. तिच्या विनयाचा अपमान करणारे शब्द असतील तर ७९. खातं किंवा पासवर्ड चोरून वापरला असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ क, खोटं रूप घेऊन फसवलं तर ६६ ड, खासगी अवयवांचे फोटो परवानगीशिवाय टिपले किंवा पसरवले तर ६६ इ, अश्लील मजकूर प्रसारित केला तर ६७. पैसे मागितले तर खंडणी, न्याय संहितेचं ३०८. पीडित १८ वर्षांखालचा असेल तर पोक्सोचं, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याचं, कलम ११. त्यात लैंगिक हेतूने इलेक्ट्रॉनिक माध्यमातून वारंवार संपर्क करणं येतं आणि ते मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे.

इथे एक अन्याय नोंदवायलाच हवा. पाठलागाचं कलम ७८ फक्त स्त्री पीडित असेल तरच लागतं. वीस वर्षांच्या मुलाला रोज नव्या खात्यावरून कोणी छळत असेल, पण पैसे मागत नसेल, खातं चोरत नसेल, अश्लील काही पाठवत नसेल, तर त्याच्या हातात उरतं अदखलपात्र ३५१ आणि बदनामीचं ३५६. त्याने दंडाधिकाऱ्याकडे तपासाचा आदेश मागावा, हीच त्याची खरी वाट. ती लांबची आहे आणि ही उणीव कायद्यात दुरुस्ती करूनच भरता येईल.

शोध का लागत नाही

पोलिसांच्या हाती सहसा येतो तो आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक. मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी पत्ता एका वेळी शेकडो ग्राहक वापरत असू शकतात. त्यातला नेमका कोण, हे कळायला सोर्स पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. कंपनीने पोर्ट दिला नाही किंवा वेळेत चूक झाली की दुसऱ्याच माणसाच्या दारात पोलीस उभे राहतात. परदेशी कंपन्यांच्या नोंदी बहुधा जागतिक वेळेत असतात. आपल्याकडचा रात्री १ चा मेसेज तिथे आदल्या संध्याकाळी साडेसातचा दिसतो. म्हणून तक्रारीत प्रत्येक वेळेपुढे ‘भारतीय वेळ’ असं लिहा.

दुसरी मर्यादा मुदतीची. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे खातं बंद केल्यावर कंपनीने नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवायची असते. छळणारे खाती उघडतात आणि लगेच बंद करतात. तिथून घड्याळ सुरू होतं. चार महिने सोसून मग तक्रार केली आणि दोन महिने ती एका टेबलावर पडून राहिली की माहिती कायमची गेली. योग्य आदेश मिळाल्यावर कंपनीने तपास यंत्रणेला माहिती ७२ तासांत द्यायची आहे. उशीर होतो तो मुख्यतः आदेश निघेपर्यंत.

फोटो असेल तर पोर्टलच्या आधी हे करा

पोलिसांकडून मजकूर उतरवला जाण्याची वाट बघू नका. नग्नता असलेला किंवा फेरफार केलेला फोटो उतरवण्यासाठी २०२१ च्या नियमांनी कंपन्यांना २४ तासांची कमाल मर्यादा घातली होती; फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ती २ तासांवर आणली. तक्रार पीडिताने किंवा तिच्या वतीने कोणीही तक्रार अधिकाऱ्याकडे करायची. प्रत्येक मोठ्या ॲपला भारतात असा अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचा पत्ता ॲपच्या मदत विभागात असतो. नुसतं पोस्टखालचं रिपोर्टचं बटण दाबणं आणि तक्रार अधिकाऱ्याला लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमांची मुदत दुसऱ्या गोष्टीला लागते, म्हणून ईमेल करा आणि तक्रार क्रमांक जपा. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. ही सोय फारशी कोणाला माहीत नाही. ती मोफत आहे आणि वकील लागत नाही.

फोटो अजून पसरला नसेल, नुसती धमकी असेल, तर ‘स्टॉपएनसीआयआय’ ही सेवा सगळ्यात आधी. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा अंकी ठसा फोनमध्येच बनतो आणि सहभागी कंपन्यांकडे फक्त ठसा जातो. तोच फोटो कोणी टाकायला गेला की ओळखला जातो. शेवटी मिळणारा प्रकरण क्रमांक आणि पिन लिहून ठेवा, ते हरवलं तर परत मिळत नाही. सेवा १८ वर्षांवरील लोकांसाठी आहे. लहान वयातल्या फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ ही तशीच वेगळी सेवा आहे. सहभागी नसलेल्या संकेतस्थळांवर आणि खासगी एन्क्रिप्टेड चॅटमध्ये दोन्हींचा उपयोग होत नाही.

ठाण्यात गेल्यावर

पोर्टलवर पोचपावतीचा क्रमांक मिळाला की बरेच लोक थांबतात. मोठी चूक. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नाही. ती तुमच्या राज्याच्या पोलिसांकडे जाते आणि एफआयआर करायचा की नाही ते तिथे ठरतं. पैशाच्या फसवणुकीसाठी यंत्रणा वेगवान झाली आहे. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला की रक्कम गोठवण्याची धावपळ सुरू होते, आणि मे २०२५ पासून दिल्लीत १० लाखांवरच्या फसवणुकीची तक्रार आपोआप झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेला एफआयआर, होऊ लागली. छळाच्या तक्रारीला असं काही नाही. तिच्यामागे माणसालाच चालावं लागतं.

तेव्हा तीन-चार दिवसांत अर्जाची छापील प्रत, पेन ड्राइव्ह आणि ओळखपत्र घेऊन सायबर ठाण्यात जा. मुंबईत विभागवार सायबर ठाणी आहेत, गोव्यात रायबंदरला. पण जवळच्या साध्या ठाण्यानेही ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवायचं नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न बघता एफआयआर घ्यावाच लागतो. ईमेलने माहिती दिली असेल तर ३ दिवसांत जाऊन सही करायची. पाठलाग आणि विनयभंगाच्या कलमांत बाईचं म्हणणं महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायचं असतं. नसेल तर नम्रपणे पण ठामपणे मागा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याकडेच असतो. लहान ठाण्यात ‘साहेब नाहीत’ म्हणून थांबवतात ते यामुळे. त्यावर उत्तर असं की तपास निरीक्षक करतील, नोंद आत्ता घ्या.

नोंद नाकारली तर त्याच मजकुराचं पत्र पोलीस अधीक्षकांना, शहरात उपायुक्तांना, पोस्टाने रजिस्टर करून पाठवा. पावती सांभाळा, कारण दंडाधिकाऱ्याकडे जाताना आधी तिथे गेल्याचा पुरावा लागतो. एफआयआर झाला तर तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि ९१ व्या दिवशी अर्ज घेऊन पुन्हा त्याच टेबलासमोर बसा.